उमरखेडातली बर्फाची शर्यत

उमरखेडात खोली घेतली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी माझं ओलं धोतर हिवाळी ऑलिंपिकवर वाळत घातलं.

यात माझा दोष काय ते सांगा. गच्चीवर दोन उंच बांबू आणि त्यांच्यामध्ये ताणलेली तांब्याची तार. शहाणा माणूस अशा तारेचं काय करील? मी धोतर घातलं, शेजारी पंचा घातला आणि नव्यानं रुजू झालेल्या मास्तराला शोभेल अशा समाधानानं जिना उतरू लागलो. तेवढ्यात खालून अशी आरोळी आली की कुणाला तरी विंचू चावला असावा.

"कोन हाय बे वर? कोन हाय?"

आरोळीपाठोपाठ घरमालक. मेंदी लावलेली दाढी, अंगात नुसती बंडी आणि मुठीत साखळीचं घड्याळ. मला ढकलून ते गच्चीवर गेले, धोतर पाहिलं, आणि घरी मयत झाल्यासारखे मटकन खाली बसले.

"मास्तर, ही तार कायची हाय, मालूम हाय तुमाले?"

"कपड्यांची."

त्यांनी डोळे मिटले. "चार साल. चार साल वाट पाहून राह्यलो मी. रेडिओची तार हाय ही! आता तो रेडिओवाला सांगत होता कोन पात्र झाला अन् कोनाले घरी धाडला. अन् ऐन वक्ताले तुमचं धोतर टपकलं!"

"कशात पात्र?" मी विचारलं. हा माझा दुसरा गुन्हा.

मग ते बोलू लागले. ऊन डोक्यावर आलं तरी बोलतच होते. लांब लाकडी पट्ट्या पायाला बांधून बर्फावरून, जंगलातून, चढ-उतारावरून मैलोन्मैल पळायची एक शर्यत असते, हे मला त्या गच्चीवर कळलं. वर तिथं अंडं ठेवलं असतं तर त्याचं आमलेट झालं असतं. फेब्रुवारी होता म्हणून बरं. मे महिना असता तर मी आधी मेलो असतो आणि मग मला स्कीइंग कळलं असतं. खाली आलो तेव्हा घरमालकीण, म्हणजे चाची, दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "दिल पे मत लो मास्तर. लोगों को बुखार चढता है, इनको बर्फ चढ गया है."

घरमालकांना सारं गाव चाचा म्हणे. त्यांचे सख्खे पुतणे तेवढे म्हणत नसत, कारण ते त्यांच्याशी बोलतच नसत. चाचांशी बोलणं टिकवून ठेवणं सोपं नव्हतंच. ते रागावलेले नाहीत अशा अवस्थेत मी त्यांना फार तर दोनतीनदा पाहिलं असेल, आणि त्यातल्या एकदा ते झोपले होते.

एके काळी त्यांच्या स्वतःच्या मोटारी होत्या. उमरखेड ते पुसद. तेव्हाच्या मोटारवाल्यांचा धर्म एकच होता: गाडी भरेस्तोवर हलायचं नाही. छपरावर बकऱ्या, पायरीवर माणसं, ड्रायव्हरच्या मांडीवर कुणाचं तरी लेकरू. चाचांचा धर्म उलटा. घड्याळात वेळ झाली की गाडी निघाली. आत माणूस असो की माशी. लोक पानाच्या ठेल्यावरून "ओ चाचा, आलो आलो" म्हणत पळत यायचे आणि चाचा त्यांच्या तोंडावर धूळ उडवून निघून जायचे. साहजिकच धंदा बसला. पुढं सरकारी गाड्या आल्या तेव्हा बाकीच्या मोटारवाल्यांनी गळा काढला. चाचांना मात्र वेगळाच संताप: सरकारी गाडीही उशिराच सुटते! एक जुनी गाडी त्यांनी मोडीत काढली नाही. ती मागच्या पडवीत उभी असे, आणि ते रोज तिला धुवत, शिव्या देत.

"घड्याळाले भाऊ नाई, जावई नाई," हे त्यांचं ब्रीदवाक्य. कुणी सोयऱ्याधायऱ्याची शिफारस घेऊन आलं की ते घड्याळच काढून त्याच्या नाकासमोर धरत.

हे बर्फ त्यांना चढलं ते लढाईत. पलटणीच्या गाड्या चालवायला ते इटलीपर्यंत गेले होते. तिथं एका डोंगरात बर्फ पडलं आणि गाड्यांची सगळी रांग रुतून बसली. साहेब ओरडताहेत, जवान फावड्यानं बर्फ उपसताहेत, चाकं जागच्या जागी फिरताहेत. "अन् तेवढ्यात," चाचा सांगत, आणि इथं त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली येई, "झाडीतून एक बुढ्ढा निंगला. पायाले दोन पट्ट्या, पाठीवर दवाईची थैली. आमच्याकडं पाह्यलं बी नाई. सरसर सरसर निंगून गेला. आमी एक चाक बाहेर काढेस्तोवर तो पल्याडच्या गावात दवाई देऊन वापस आला. एकटा, मास्तर! ना ढोल, ना ताशा, ना कोनी वाहवा करनारं. एकटा अन् त्याचा दम."

एवढं सांगून ते पुन्हा रागावत. कारण आपल्याकडे तसं काही नव्हतं. "एवढा मोठा हिमालय कायले ठेवला हाय सरकारनं? क्यालेंडरवर छापाले?"

मी घरात इंग्रजी समजणारा एकटाच, म्हणून धोतराची शिक्षा म्हणून रोज त्यांच्या रेडिओपाशी बसायचं काम माझ्याकडे आलं. परदेशी स्टेशनवर खेळांच्या बातम्यांच्या अगदी शेवटी त्या शर्यतीला दोन वाक्यं मिळत. ती दोन वाक्यं खरखर, शिट्ट्या आणि मधेच घुसणारं चिनी गाणं यांतून निवडून काढायची. एकदा मला काहीच ऐकू आलं नाही. मास्तराची जात, 'माहीत नाही' म्हणवेना. मी ठोकून दिलं, "फिनलंडवाला पहिला."

"पहिला कोन ते गधा बी सांगते," चाचा उसळले. "चाळणीतून खाली कोन पडला ते सांगा!"

हे त्यांचं खरं वेड. जिंकणाऱ्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. एकेका देशात शर्यतीआधी शर्यती होतात, त्यांतून चार नावं वर जातात आणि बाकीचे घरी. त्या घरी गेलेल्यांपायी चाचांचा जीव तुटत असे. पात्र कुणी ठरवलं? घड्याळानं, की कुणाच्या मामानं? त्या दिवशी मी घाबरून एक नॉर्वेचा माणूस चाळणीतून खाली पाडला. तो बिचारा अस्तित्वातच नव्हता. चाचांनी त्याच्यासाठी जेवण सोडलं. चाचींनी मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "कौन मर गया, मास्तर?"

शेवटी ऐकण्यानं त्यांचं भागेना. त्यांनी सुताराकडून सागाच्या दोन पट्ट्या तासून घेतल्या, टोकं वाफेवर वाकवली, तळाला मेण चोळलं. आता बर्फ. ते यवतमाळ जिल्ह्यात कुठून आणायचं? पण दिवाळी होऊन गेलेली, जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग घराएवढे झालेले. चाचांनी पट्ट्या माझ्या पायांना बांधल्या. त्यांच्याच का नाहीत, हे मी आजही विचारतो.

"कापूस पांढरा असतो, चाचा, पण तो घसरत नाही," मी म्हणालो.

"तुमी घसरा, मंग तो घसरते."

त्यांनी मागून ढकललं. पट्ट्या जागच्या जागी रुतल्या, मी मात्र पुढे गेलो. तोंडावर पडलो तो कंबरेपर्यंत कापसात. नाकात रुई, कानात रुई, तोंडात सरकी. वर चाचा कापसावर खेकसताहेत, "हरामखोर, सरक!" आणि पलीकडून जिनिंगचा दिवाणजी काठी घेऊन धावत येतोय. पळायची वेळ आली तेव्हा चाचा पहिले पळाले. माझ्या पायात पट्ट्या होत्या. पुढं महिनाभर वर्गात मी फळ्याकडे तोंड केलं की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणे, "सरक!"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मग थावरा आला.

थावरा डोंगरावरच्या तांड्यावरून चाचांकडे दूध घालायचा. वय बावीस-चोवीस, दोन लेकरांचा बाप, पायाच्या काड्या आणि छाती भात्यासारखी. ऊन वाढलं की दूध नासतं म्हणून तो खांद्यावर कावड घेऊन पळत येई, पळत जाई. एवढा चढ चढून आलेला माणूस आपल्याशी बोलताना धापा टाकत नाही, हे चाचांच्या एका सकाळी ध्यानात आलं. झालं. दूध मोजून घ्यायच्या आधी ते घड्याळ पाहू लागले. दुधात पाणी आहे की नाही हे बघायचं त्यांनी सोडलंच, असं चाचींचं म्हणणं.

"याले पलटणीत धाडू," चाचा मला म्हणाले. "थे लोक बर्फावर शिकवतात. पट्ट्या बांधू. ऑलिंपिकमंदी धाडू."

थावराला ऑलिंपिकचं काही नव्हतं. त्याला हवी होती पोलिसातली नोकरी. एकदा मी विचारलं, कशाला रे? तर म्हणाला, "मास्तर, तांड्यात पोलीस आला का आमच्या बाया लेकरं घेऊन डोंगरात पळतेत. कोठी बी चोरी होऊ द्या, पह्यले आमचं दार. माह्या बापाले बांधून नेलतं, काई केलं नव्हतं त्यानं. आपल्यातला एक मानूस खाकीत पाह्यजे. मंग कोनी पळनार नाई."

त्रेसष्टच्या हिवाळ्यात संधी आली. तालुक्याच्या क्रीडा समितीनं लांब पल्ल्याची शर्यत ठेवली. पहिला येईल त्याला यवतमाळला धाडायचं, आणि यवतमाळात जे पहिले तीन येतील त्यांना पोलीस साहेब जागच्या जागी भरती करून घेणार. समितीचे प्रमुख आमच्या पंचायत समितीचे सभापती. शाळाही त्यांच्याच मुठीत. त्यांचा भाचा, म्हणजे पाटलांचे चिरंजीव, आदल्या वर्षी पहिला आला होता. त्याच्या दोस्तांनी बाकीच्यांना कोपरं मारून नाल्यात लोटलं होतं.

चाचा प्रत्येक बैठकीला जाऊन ओरडले. शर्यत बर्फाच्या रीतीनं घ्या! म्हणजे सगळे एकदम सोडायचे नाहीत. मिनिटामिनिटानं एकेक सोडायचा. मागं-पुढं कोण आहे याला मोल नाही. ज्याला वेळ कमी लागला तो पहिला. आणि मागचा माणूस गाठायला आला, त्यानं 'बाजू!' म्हटलं की पुढच्यानं वाट सोडायची. हा त्या खेळाचा कायदा.

सभापतींनी हे मान्य कसं केलं याचं गावाला नवल वाटलं. मला कारण नंतर कळलं. एकेक सोडायचा म्हणजे भोंग्यावरून एकेकाचं नाव, वडिलांचं नाव, गाव पुकारणार. सभापतींना त्यात मान दिसला. आणि मान म्हटला की पोळ्याची रीत. तोरणाखालून पहिली बैलजोडी पाटलाची जाते, मग थोर घरांच्या, मग बाकीच्यांच्या. तस्साच क्रम त्यांनी धावणाऱ्यांचा लावला. भाचा पहिला. थावरा सर्वांत शेवटी.

चाचा हसले. मी पाहिलेलं ते त्यांचं एकमेव हसू. "जाऊ द्या त्याले पुढं. घड्याळाले मान समजत नाई."

शर्यतीआधी दोन महिने ते रोज सकाळी थावराला शिकवत. "मोठ्यानं बोल! बाजू!"

"बाजू," थावरा दुधाची कावड ठेवून म्हणे.

"अरे, बकरी बी याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडते!"

शर्यतीच्या दिवशी सांगितल्याप्रमाणे एकेक सुटला. वाट गावाबाहेरून, डोंगराच्या कडेनं, पाटलांच्या कापसाच्या बांधावरून आणि परत मैदानात. चाचांचं घड्याळ चाचांकडे, दुसरं माझ्यापुढं टेबलावर. थावरा सुटला तोवर लोक कंटाळून चहाला गेले होते.

मग बांधावर धूळ दिसली. हलगी सुरू झाली. पाटलांचे चिरंजीव येत होते, धापा टाकत, तोंड लाल. पहिले सुटलेले पहिले आले यात नवल नव्हतं. नवल त्यांच्या मागं होतं. हाकेच्या अंतरावर थावरा! सगळ्यांच्या शेवटी सुटलेला माणूस दुसरा. पिंढऱ्या ओरबाडलेल्या, डोक्याला कापसाचे पुंजके. मी घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं. गणित शिकवून माझं आयुष्य गेलं नाही, पण एवढी वजाबाकी मलाही येत होती. बाकीचे सगळे त्याच्याहून कितीतरी मागं पडले होते.

आणि सभापतींनी हार उचलला तो भाच्याच्या गळ्यात.

"घड्याळ पाहा!" चाचा ओरडले.

"पह्यला आला थो पह्यला," सभापती म्हणाले. "बैलांच्या बैलांच्या पटात बी असंच असते. जोडी पह्यली आली का पह्यली."

"पटात दोन्ही जोड्या एकदम सुटतात, अक्कल के दुश्मन! इथं तुमीच मानानं सोडले नं एकामागं एक?"

आता लोक जमले. काहींना हिशोब पटायला लागला. तेव्हा भाचा पुढं झाला आणि म्हणाला, "यानं मला मागून हटकलं. बाजू हो म्हणाला. मी झालो नाही, तर आमच्या कापसातून घुसून आला."

सभापतींचा चेहरा बदलला. इतका वेळ कारण सापडत नव्हतं, आता सापडलं होतं.

"काय म्हनला बे तू?" त्यांनी थावराला विचारलं.

थावरानं मान खाली घातली. "म्या म्हनलं, 'मालक, पाया पडतो, जराशी बाजू द्या जी.'"

चाचांनी कपाळावर हात मारून घेतला. "पाया पडतो? शर्यतीत पाया पडतो? दोन महिने मी तुले कायले शिकवलं?"

"मोठ्यानं नाई निंगलं, चाचा," थावरा म्हणाला.

"पाटलाच्या पोराले बाजू हो म्हनते! वरतून आमच्याच पिकातून पळते!" सभापती गरजले. "वाट सोडली. बाद!"

मला आजही तो शब्द आठवला की कानशिलं तापतात. माणूस पाया पडून वाट मागतो, ती मिळत नाही म्हणून काट्यांतून पळतो, तरी पहिला येतो, आणि वाट सोडली म्हणून बाद होतो तोच. ज्यानं अडवली तो हार घालून फोटो काढून घेतो!

माझ्यातला भित्रा मास्तर त्या दिवशी कुठं गेला होता कोण जाणे. मी टेबलावर चढलो, भोंग्याचा माइक हिसकावला आणि दोघांच्या वेळा खणखणीत आवाजात सांगितल्या. वर असंही म्हणालो की हा निकाल म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा आहे. आयुष्यातलं माझं ते एकमेव शूर भाषण. पण 'बाद' म्हटल्याबरोबर भोंगेवाल्यानं माइक बंद करून सनईची तबकडी लावलेली होती. गावानं सनई ऐकली. माझं भाषण ऐकलं फक्त एकानं. तो टेबलाला टेकून उभा होता आणि त्याचं नाव सभापती.

माझी बदली मुकुटबनला झाली. जिल्ह्याचं दुसरं टोक. सभापती म्हणाले, हवापालट होईल.

मी सामान बांधत होतो, तेव्हा चाचा वर आले. संतापानं त्यांची दाढी थरथरत होती. पाटलांचे चिरंजीव यवतमाळला जाणारच नव्हते! हुरडा पार्टी होती म्हणे शेतात. तिथं जिल्ह्याचे तगडे गडी येणार, आणि सोबत कोपरं मारणारे दोस्त नसणार, हे त्यांना कळत असावं. म्हणजे तालुक्याची जागा रिकामी राहणार. स्वतः खाणार नाही, दुसऱ्याला खाऊ देणार नाही.

"चला," चाचा म्हणाले. थावराला आत बसवून पडवीतली गाडी त्यांनी बाहेर काढली. हँडल मी मारलं. तिसऱ्या फटक्याला ते उलटून माझ्या मनगटावर बसलं, ते वेगळं.

यवतमाळच्या मैदानावर नावं पुकारणारे एक गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "तालुक्याकडून याचं नाव आलं नाही, मी काय करू? असं करा, त्या पाटलाच्याच नावावर पळू द्या. कोण पाहून राह्यलं?"

चाचांचा चेहरा पेटला. पण ते काही बोलायच्या आत थावरा बोलला, "अन् नौकरी कोनाच्या नावानं भेटन जी?"

गृहस्थांनी थावराला रेघेपासून दूर उभं केलं. शिट्टी झाली. सगळ्या तालुक्यांचे गडी एकदम निघाले, धूळ उडाली, ते रस्त्याच्या वळणाआड गेले. थावरा जागच्या जागी उभा. चाचा घड्याळाकडे बघत होते. मला वाटलं, दुःखानं बघताहेत. अख्खं मिनिट सरलं तेव्हा ते सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "थावरा भिका राठोड! चल!"

थावरा सुटला तो बाणासारखा. गृहस्थ "अहो, अहो" करत चार पावलं धावले आणि थांबले.

परत येताना त्याच्या पुढं सहाजण होते. पण मिनिट वजा केलं की तिसरा. मी तीनदा वजा केलं. चाचा लहान मुलासारखे नाचत होते, "तिसरा! घड्याळात तिसरा!" आणि नाचतच ते मंडपातल्या पोलीस साहेबांपुढं जाऊन उभे राहिले.

साहेबांनी पळणं पाहिलं होतं. ते हसले. म्हणाले, "दौडता अच्छा है. भरतीचं यादीप्रमाणे होईल, तीन गडी घेतले. पण माझ्या बंगल्यावर पाणी भरायला, डाक आणायला माणूस पाहिजेच आहे. उद्यापासून पाठवा याला."

"शिपाई म्हणून घ्या," चाचा म्हणाले.

"यादीत नाही."

मग चाचा जे बोलले ते मी लिहू शकत नाही. अर्धं उर्दूत होतं, आणि उरलेलं अर्धं छापण्याजोगं नव्हतं. यादीला बोलले, साहेबांच्या बंगल्याला, पाटलाला, मानाला, सगळ्या यवतमाळला बोलले. दोन हवालदार पुढं झाले. साहेबांनी त्यांना हातानं थांबवलं आणि घड्याळ पाहिलं. त्यांना चहाला जायचं होतं.

"थूक त्या नौकरीवर!" चाचा थावराकडे वळले. "चल! गाडीत बस!"

थावरा हलला नाही. घाम पुसत साहेबांना म्हणाला, "येतो जी उद्या."

"अरे, पानी भराले? तू खाकी घालाले आलतास नं?"

"आधी फाटकाच्या आत तर जाऊ द्या, चाचा."

"तुले राग नाई येत? जराबी?"

थावरानं घामाचा हात सदऱ्याला पुसला. मग म्हणाला, "येते नं. लय येते. पन राग तुमाले परवडते, चाचा. मले नाई परवडत."

एवढं बोलून तो बंगला पाहून ठेवायला हवालदारामागून चालू लागला.

परतीच्या वाटेवर त्या रिकाम्या गाडीत आम्ही दोघंच. आर्णी मागं पडली, सूर्य कलला, चाचांनी वाटेतल्या एका बैलगाडीलाही शिवी दिली नाही. मग एकाएकी म्हणाले, "मास्तर, थो खरं बोलला का?"

इथं गप्प बसायचं असतं. दुसरा कुणीही गप्प बसला असता. पण प्रश्न विचारला की बरोबर उत्तर द्यायचं, ही माझ्या धंद्याची खोड.

"खरं बोलला," मी म्हणालो. "तुम्हाला ओरडायला घर आहे, गाडी आहे. कोणी काही वाकडं करू शकत नाही. त्याला..."

गाडी करकचून थांबली.

"उतरा."

"चाचा, माझं सामान उमरखेडात आहे!"

"उतरा म्हनलं नं!"

मी उतरलो. "आता मी येऊ कसा?"

"पळत," चाचा म्हणाले आणि निघून गेले.

मी वाट पाहिली. वाटलं, वळणावर थांबतील. थांबले नाहीत. तेव्हा मात्र माझा इतक्या महिन्यांचा साचलेला सगळा संताप एकदम वर आला. सभापतींचा, मुकुटबनचा, सनईचा, मनगटावर बसलेल्या हँडलचा. निर्मनुष्य रस्त्यावर उभा राहून मी दोन्ही हात वर करकरून शिव्या देऊ लागलो.

मागून एक दमणी आली. वरचा फेटेवाला माणूस बैल थांबवून काळजीनं पाहू लागला. "गुरुजी, कोनाले बोलून राह्यले?"

"पाटलाला!" मी ओरडलो.

"कोनच्या पाटलाले?"

"सगळ्या पाटलांना!"

मग दमणीत सरकून त्यानं जागा केली. "चढा," तो म्हणाला. "मी बी पाटीलच हाय."

अंधार पडत आला होता, आणि उमरखेड फार लांब होतं. मी मुकाट्यानं चढलो.